अंधाराची मोजणी

जहाज गोदीत आहे, इंजिन खोललेलं, अजून तीन आठवडे.
म्हणून हा सेन्सर माझ्याबरोबर नाशिकला आला.
काळं नळकांडं, पावणेचार किलो,
एस.टी.त मांडीवर, टॉवेलात गुंडाळून.
कसारा घाटात कंडक्टरनं विचारलं, "ताई, मूर्ती आहे का?"
म्हटलं, समुद्रातलं नायट्रेट मोजायचं यंत्र.
त्यानं सामानाचं तिकीट मागितलं नाही, एवढंच.

याला फक्त बारा व्होल्ट लागतात.
फक्त म्हणणाऱ्यांनी जहाजाची वीज पाहिलेली नसते.
विंच फिरली की ती खाली बसते,
भटारखान्यात शेगडी लागली की शहारते,
आणि तीस मीटर केबलच्या त्या टोकाला
बारातले साडेदहाच पोचतात.
पडद्यावर आकडे थरथरायचे.
डॉक्टर कुरूप म्हणायच्या, आज समुद्र अस्वस्थ आहे.
मी म्हणायचे, मॅडम, अर्थिंग.

शेवटी वेगळा सप्लाय बांधला,
जहाजाच्या लोखंडाला कुठेच न शिवणारा.
दोन ॲम्पिअरचा फ्यूज. ओ-रिंगला ग्रीस नखभर,
बोटभर नाही;
हे मी एक कनेक्टर बुडवून शिकले.

एप्रिलमध्ये अरबी समुद्राच्या वरच्या थरात
जवळजवळ काहीच नसतं.
शून्य पूर्णांक दोन. शून्य पूर्णांक एक.
चाटूनपुसून ठेवलेलं ताट.
वीस दिवस आम्ही पाळ्या लावून
त्या काहीच-नसण्याचे दशांश लिहीत होतो.
आतल्या दिव्याचं आयुष्य नऊशे तास,
त्यातले सहाशे बारा तिथे गेले.

रविवारी बाबांच्या छोट्या हत्तीची बॅटरी काढली.
बारा पूर्णांक सहा.
दारात रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी स्थिर.
अशी वीज मला भर समुद्रात एकदाही मिळाली नाही.

आधी सातपूरहून ओळखीनं आणलेलं शुद्ध पाणी, शून्य धरायला.
मग गंगापूर धरणाची बाटली. आकडा आला, निमूट.
मग तपोवनाच्या खालची.
आकडाच आला नाही.
दिव्याचा उजेड एक सेंटिमीटर पाणी
ओलांडू शकला नव्हता.
मी एका मापात नऊ मापं शुद्ध पाणी ओतलं, पुन्हा बघितलं,
दहानं गुणलं, आणि पेन खाली ठेवलं.

बाबा उकिडवे बसून वाकून बघायला लागले.
"डोळे लावू नका तिथे. दिसत नाही, पण भाजतं."
ते मागे सरकले.
"नायट्रेट म्हणजे त्या कॅल्शियमच्या गोण्या ना?
पिंपळगावला द्राक्षवाल्यांकडे टाकतो त्या?"
"थोडं तेही. बाकी गटाराचं. आपलंच."
"मग तुझ्या समुद्रात जाऊन पोचत असेल."

नाही, बाबा.
माझा समुद्र इकडे, घाटाखाली,
कावळा निघाला तर शंभरेक किलोमीटर.
पण गोदावरी त्याच्याकडे पाठ करूनच निघते,
पैठण, नांदेड, पुढे तेलंगण, आंध्र,
आणि पडते दुसऱ्याच समुद्रात,
जिथे माझं जहाज कधी गेलेलं नाही.

ते जरा वेळ नळकांड्याकडे बघत राहिले.
"म्हणजे लांबचं भाडं."

तेवढ्यात आतला पडदा टक्कन मिटला.
"बंद पडलं?"
"नाही. दर वेळी थांबून ते स्वतःचा अंधार मोजतं.
काही नसतानाही त्याला किती दिसतं ते.
मग तेवढं उत्तरातून वजा करतं."
"बरं आहे," बाबा म्हणाले,
आणि दहा-अकराचा पाना माझ्यासमोर धरला.
"लवकर मोज म्हणावं त्याला.
चारला ओझरला गाडी लागायची आहे."

मी काळी वायर आधी सोडली.
वहीत तारीख घातली. दिवा: सहाशे तेरा तास.
तपोवनाचा आकडा मात्र पेन्सिलीनं लिहिला.
बादली तशीच होती, नळाखाली,
कुठे ओतायची ते न कळून.